डफावरच्या तीन बाया

मी खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला पगार विचारला नाही, क्रेडिट स्कोअरही विचारला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, फ्रीजवरून एक लांबट डफ उतरवला, त्याच्या मधोमध पितळेची एक कडी ठेवली आणि शिंगाच्या छोट्या हातोडीने तो वाजवायला लागल्या. कडी थरथरत सरकली. चामड्यावर लालसर तपकिरी रंगात बारीक चित्रं होती. त्यांतल्या एका नागमोडी रेघेवर ती थांबली. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलं.

"पाणी," त्या म्हणाल्या. "वरच्या बाथरूमचा नळ गळतो. तो तू दुरुस्त करशील असं दिसतंय."

"वॉशर तुम्ही आणा, बसवते मी," मी म्हटलं.

खोली मला मिळाली.

स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावात विद्यार्थ्यांना घरं भाड्याने देणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक करारावर सही घेतात आणि नंतर फोन उचलत नाहीत. बाईंच्या घरात करार होता, पण तो डफानंतर. सत्तरी उलटलेली, उंच, हाडकुळी बाई. पांढऱ्या केसांची वेणी, ती बांधायला घरात सापडेल ती दोरी, कधी कधी ब्रेडच्या पिशवीची तार. विद्यापीठात उत्तर युरोपचं पुरातत्त्व शिकवून निवृत्त झालेल्या. खाली त्या एकट्या राहायच्या, वरच्या तीन खोल्या भाड्याने द्यायच्या, त्याही फक्त बायकांना. डफाने एकदाही पुरुषाला होकार दिला नाही, असं त्या गंभीरपणे सांगायच्या.

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. टेक्ससमधल्या फ्रिस्को गावातलं माझं ऑफिस बंद झालं आणि इथे एका मोठ्या खानावळीसाठी धान्य-भाजी खरेदी करण्याचं काम मिळालं. मुलाचं हायस्कूल संपायला आलं होतं, त्याला हलवण्यात अर्थ नव्हता. तेव्हा नवरा आणि मुलगा टेक्ससमध्ये राहिले आणि मी पेनसिल्व्हेनियात आले. फ्रिस्कोच्या ओळखीच्या बायकांनी नवऱ्याला हळू आवाजात "सगळं ठीक आहे ना?" असं विचारून डबे पोचवले. सगळं ठीक होतं. डबे त्याने खाल्ले.

वरच्या मजल्यावर आणखी दोघी होत्या. नागपूरची गार्गी स्टॅटिस्टिक्समध्ये पीएचडी करत होती आणि पुण्याची सई कसल्या तरी धातूंवर संशोधन करत होती. दोघी पहिल्या दिवसापासून मला काकू म्हणायला लागल्या. बाईंना वाटलं तेच माझं नाव. मग त्याही मला "काकू" म्हणू लागल्या. मी दुरुस्त केलं नाही. सत्तरीची बाई मला काकू म्हणून हाक मारते हे ऐकलं की गार्गी जिन्यात जाऊन हसून यायची.

आमच्या आपसातल्या बोलण्यात बाईंचं नाव डफवाली होतं. "डफवालीने आज डस्टबिनचं विचारलं यार, बाहेर ठेवू की नको," असं गार्गी सांगायची. "मग?" "अस्वल आलं." अस्वल म्हणजे डफावरचं. पण खरंही यायचं. आमच्या मागच्या रस्त्यावर अस्वलाने दोनदा कचऱ्याचे डबे उलटे केले होते.

बाई रिकाम्या वेळी जे सांगायच्या त्यावरून मला कळलेली गोष्ट अशी. उत्तर युरोपच्या टोकाला, जिथे हिवाळ्यात काही आठवडे सूर्य उगवतच नाही, तिथे सामी नावाचे लोक राहतात. त्यांच्यात पूर्वी नोआइदी असायचा. आपल्या भगतासारखा म्हणा. त्याच्याकडे असा डफ असायचा, त्यावर रेनडिअर, अस्वल, सूर्य, होड्या, देव आणि मेलेल्यांचं जग काढलेलं असायचं. कडी कुठे जाते ते बघून शिकारीला कुठल्या दिशेला जायचं, आजार कशाने आला, कोणाला काय द्यायचं हे ठरायचं. पुढे पाद्री आले, त्यांनी डफ गोळा करून जाळले. उरले ते म्युझियमच्या काचेत गेले. बाईंच्या आईची आजी याच लोकांतली होती. ती मिनेसोटात आली आणि आपण कोण हे मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. बाईंना ते एका मावशीकडून कळलं, तेव्हा त्यांचं शिक्षण संपत आलं होतं.

ही परंपरा किती जुनी, असं कोणी विचारलं की बाई सावध व्हायच्या. तिथल्या खडकांवर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली होड्यांची, हरणांची, माणसांची चित्रं आहेत. शिंगं आहेत, हाडं आहेत. "लिहिलेलं काही नाही," त्या म्हणायच्या. "बाकी अंदाज. अंदाजाला अंदाज म्हणायचं आणि मग बिनधास्त करायचा."

त्यांचा डफ त्यांनी स्वतः केला होता. चामडं रेनडिअरचं, रंग आल्डर नावाच्या झाडाची साल चावून काढलेल्या रसाचा. पण चित्रं बघून मी चाट पडले. सूर्य होता, अस्वल होतं, त्यापुढे घर तापवणारा बॉयलर होता. टपालपेटी होती. बर्फ काढणारा ट्रक, विद्यापीठ, इस्पितळ, कब्रस्तान आणि दाढ उपटणारा डेंटिस्ट. (साल चावून दात तपकिरी झाले म्हणून डेंटिस्ट काढावा लागला, असं सईचं मत.) मी विचारलं, हे काय? तर म्हणाल्या, त्या लोकांनी त्यांना रोज ज्याच्याशी गाठ पडते ते काढलं. माझी गाठ रेनडिअरशी पडते का? माझी बॉयलरशी पडते.

एका कडेला एक खिडकी होती आणि खिडकीत तीन उभ्या रेघा, प्रत्येकीला वर एक टिंब.

"या कोण?"

"तुम्ही. वरच्या तिघी. माणसं बदलतात, चित्र तेच ठेवलंय. प्रत्येक वेळी साल कोण चावणार?"

घरामागे, मागच्या रस्त्याच्या कडेला, एक दगड होता, गुडघ्याएवढा. बाई त्याला दर रविवारी लोणी चोपडायच्या. जुने लोक अशा दगडांना चरबी लावत, ते दगड म्हणजे जागेचे मालक. बाईंच्या दगडाचं लोणी शेजारच्या घरातला कुत्रा चाटून जायचा. कुत्रा लठ्ठ होतोय अशी शेजाऱ्याने तक्रार केली. बाईंनी त्याला सांगितलं, दगडाची काही तक्रार नाही. मी म्हटलं, आमच्याकडे दगडाला शेंदूर लावतात, कुत्रा तोंड लावत नाही. हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की मला शिकागोच्या मावसबहिणीला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून शेंदूर आणून टपालाने पाठवायला सांगावं लागलं. तेलात कालवून मी दगडाला लावून दिला. दगड झकास दिसायला लागला. दोन दिवसांत गल्लीतली मुलं त्याला फायर हायड्रंट, म्हणजे आगीच्या बंबाचा तो लाल नळ, समजायला लागली आणि एका बाईने त्याच्यासमोर गाडी लावायची की नाही म्हणून बेल वाजवून विचारलं. बाई पुन्हा लोण्यावर आल्या.

माझ्या गावाकडच्या गोष्टी त्यांना फार आवडायच्या. मी मूळची कुडाळजवळची. अंगात येण्याबद्दल मी सांगितलं तेव्हा त्या हातातला बटाटा सोलायचा थांबल्या. "म्हणजे तुमच्याकडे ते येतात," म्हणाल्या, "आणि आमच्याकडे माणूस जातो." नोआइदी निपचित पडायचा, त्याचा आत्मा बाहेर पडून हिंडायचा, मेलेल्यांच्या गावात जाऊन कोणाचा तरी हरवलेला आत्मा शोधून आणायचा. "तुमचं बरं आहे. पाहुणे घरी येतात. आमच्याकडे प्रवास."

एकदा एक माणूस आला. दंडावर गोंदलेलं, गळ्यात पीस, हातात नवाकोरा डफ. त्याने शनिवार-रविवारचा कोर्स केला होता आणि बाईंच्या हातचा आशीर्वाद पाहिजे होता. बाईंनी त्याला कॉफी दिली. मी तिथेच मटार सोलत बसले होते. त्याने आपले प्रवास सांगितले, पाताळ, गरुड, वगैरे. बाईंनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. नोआइदी कधी एकटा जात नाही. तो पडतो तेव्हा शेजारी कोणीतरी गात बसतं, त्याला परत यायची वाट सापडावी म्हणून. तुझ्या शेजारी कोण बसतं?

तो माणूस म्हणाला, "माझ्याकडे ॲप आहे."

बाईंनी त्याला घालवून दिलं नाही. दुसरी कॉफी दिली, पण नंतर आठवडाभर कुठलीही गोष्ट बिघडली की "ॲप आहे का?" असं विचारत राहिल्या.

अशा लोकांची त्यांना चीड होती, आणि त्यातूनच त्यांचा तो नियम आला होता. विचारायचं एकदाच. बॉयलरवाल्याला बोलवायचं का, शनिवारी गाडी काढायची का, बागेत कोबी लावायचा का. कडी जिथे जाईल ते झालं. मनासारखं आलं नाही म्हणून पुन्हा वाजवायचं नाही. कोबीचं एका वर्षी नाही आलं, तर शेजाऱ्याने आणून दिलेली रोपं त्यांनी आम्हाला कुंडीत लावायला दिली. त्यांच्या जमिनीत नाही.

गार्गीला हे सहन व्हायचं नाही. ते घर डोंगराच्या उतारावर होतं आणि स्वयंपाकघराची जमीन एका बाजूला झुकलेली होती. बाईंचा खांदा दुखायचा, म्हणून त्या डफ हातात न धरता टेबलावर ठेवून वाजवायच्या. एके दिवशी गार्गीने टेबलाच्या मध्यावर एक संत्रं ठेवलं. ते सरळ खिडकीच्या बाजूला घरंगळत गेलं. डफ नेहमी एकाच रोखाने ठेवलेला असायचा आणि त्या बाजूला पाणी, बॉयलर, डेंटिस्ट आणि कब्रस्तान होतं.

"बघा," गार्गी म्हणाली, "हा बायस्ड आहे. म्हणून नेहमी वाईटच सांगतो. टेबल तिरकं आहे."

बाईंनी संत्रं उचललं आणि सोलायला घेतलं. "घर तिरकं आहे," त्या म्हणाल्या. "डोंगर तिरका आहे. पृथ्वीसुद्धा तिरकी आहे, म्हणून तर हिवाळा येतो." आणि अर्धं संत्रं गार्गीला दिलं.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर बाई टपालपेटीशी चक्कर येऊन पडल्या. सई बसमधून उतरत होती, तिने पाहिलं. डोक्याला खोक नव्हती, पण डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की हृदयाची एक झडप अगदी अरुंद झाली आहे. ती बदलायला हवी. मांडीच्या रक्तवाहिनीतून बदलतात, पण पूर्ण भूल द्यावी लागेल. नाही बदलली तर पुढची चक्कर जिन्यात येईल किंवा गाडी चालवताना, आणि फार हिवाळे मिळणार नाहीत. मी त्यांच्याबरोबर गेले होते म्हणून हे मला नीट माहीत आहे. डॉक्टर चांगली होती, घोळवून बोलली नाही.

घरी आल्यावर कोट न काढता बाईंनी फ्रीजवरून डफ घेतला. कडी थरथरत निघाली, इस्पितळाच्या चित्राकडे वळलीसुद्धा नाही आणि कब्रस्तानावर जाऊन बसली. बाईंनी मान हलवली. डफ फ्रीजवर ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

गार्गीने संत्र्याची आठवण करून दिली. सईने रडून बघितलं. सईचं रडणं चांगलं असतं, तिने युनिव्हर्सिटीकडून त्यावर मुदतवाढ मिळवलेली आहे, पण बाईंवर चाललं नाही. मी आधी काही बोलले नाही. खरेदीच्या धंद्यात एक गोष्ट कळते. समोरचा नाही म्हणाला की लगेच हुज्जत घालायची नाही. त्याचा पहिला नकार हा त्याचा भाव असतो. तो कशासाठी अडलाय ते आधी शोधायचं.

आठवडा गेला. बाई जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करायला लागल्या. कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं. मग एका दुपारी मी खाली गेले आणि सरळ विचारलं.

त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी वर्गात सांगितलं की हे खेळणं नाही. आता माझ्या जिवावर आलं म्हणून परत वाजवू? मग त्या ॲपवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

हे मला पटलं. खोटं कशाला बोलू. माणसाने आयुष्यभर एक शब्द पाळलेला असला तर तो मोडायला तुम्ही त्याला सांगू शकत नाही. म्हणून मी त्यांना आमच्या कौलाची गोष्ट सांगितली.

आमच्या देवळात गुरव देवाच्या अंगावर फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतो. गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला मोठ्याने सगळं सांगतो, आणि जमलेली माणसं "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला साथ देतात. मग सगळे डोळे लावून बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. माझं अमेरिकेला यायचं ठरलं तेव्हा वडिलांनी कौल लावला होता. डावी पडली. वडील उठायला लागले. गुरव म्हणाला, "बसा ओ. खंय चललात? इचारलात काय?" वडिलांनी विचारलं होतं, मुलीला पाठवू का? गुरव म्हणाला, असं कोणी विचारतं का? पोर जाणार हे तुमचं ठरलेलं आहे. देवाला उगाच कशाला कोड्यात टाकता? त्याच्या हातात जे आहे ते विचारा. मग त्याने नवीन पाकळ्या लावल्या आणि नवीन गाऱ्हाणं घातलं. पोर जातेय म्हाराजा, परक्या मुलखात तिची राखण करशील ना? उजवी पडली.

बाई ऐकत होत्या. "आणि हे चालतं?"

"आमच्याकडे कौल म्हणजे निकाल नसतो," मी म्हटलं. "बोलणी असतात. तोच प्रश्न परत विचारला तर ती लबाडी. पण चुकीचा विचारला होता असं कळलं तर नीट विचारावा लागतो. नाहीतर देव काय करणार, त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर देणार."

त्यांनी खिडकीबाहेर दगडाकडे बघितलं. कुत्रा आलेला होता.

"शिकार न मिळता परत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करत असेल?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "उपाशी बसत नसेल. डफापाशीच येत असेल." मग हसल्या. "हा अंदाज."

"तुम्ही काय विचारलं होतंत?" मी म्हटलं.

"ऑपरेशन करू का."

"आणि खरं काय विचारायचंय?"

मी उठून कप धुतले. ते धुतलेलेच होते. माझी पाठ असताना बोलणं त्यांना सोपं जाईल असं वाटलं, आणि तसंच झालं.

"काकू, भूल म्हणजे जाणंच. मी जन्मभर शिकवलं की जाणाऱ्याच्या शेजारी कोणीतरी बसतं. इस्पितळातल्या मुलीने फोनवर विचारलं, बरोबर कोण येणार? मी सांगितलं, टॅक्सी."

मी नळ बंद केला. "शनिवारी सकाळी विचारू," मी म्हटलं. "मुलींना सुट्टी असते."

शनिवारी सकाळी आम्ही चौघी त्या टेबलाशी जमलो. गाऱ्हाणं मी घालायचं ठरलं, कारण दुसऱ्या कोणाला येत नव्हतं. मलाही येत नव्हतं, पण मी लहानपणापासून ऐकलेलं होतं. मुलींना फक्त "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं. सईने विचारलं, "काकू, ह्यात 'व्हय' का? होय का नाही?" गार्गी म्हणाली, "तुला पुण्याचं करून पाहिजे का? देव काय सदाशिव पेठेत राहतो?" बाईंनी अर्थ विचारून घेतला आणि दोन-तीनदा म्हणून बघितलं. त्यांच्या तोंडून ते एखाद्या जुन्या जहाजाच्या नावासारखं यायचं.

बाईंनी डफ टेबलावर ठेवला. कडी मधोमध, सूर्यावर ठेवली. हातोडी उचलली, मग खाली ठेवली. आणि एक शब्द न बोलता, दोन्ही हातांनी डफ धरून त्यांनी तो अर्धा फिरवला. कब्रस्तान आमच्या बाजूला आलं. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे, उताराच्या बाजूला, काय गेलं ते मी पाहिलं. गार्गीनेही पाहिलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे बघितलं नाही.

मी उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"तू खयच्या मुलखातलो, तुजा नाव काय, आमका म्हायत नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"पण ह्या बायेन तुजी आयुष्यभर चाकरी केल्यान. आता तिच्या काळजाची झडप अडाकली हा. ती दुरुस्त करूक ती जातली. वाटेत काय आडवा-तिडवा आसात ता दूर कर, आनि जशी गेली तशी तिका घराक परत घेवन ये रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाई सगळ्यांत मोठ्याने म्हणाल्या. मग डफावर वाकून त्यांनी इंग्रजीत, हळू आवाजात विचारलं की मी गेले तर परतीची वाट कुठे आहे. आणि वाजवायला लागल्या.

कडी आधी हललीच नाही. मग टपालपेटीपर्यंत गेली आणि अडकली. चामडं तिथे जरा फुगलेलं होतं. बाई वाजवत राहिल्या. कडी सुटली, कडेकडेने सरकत गेली, आणि चित्रातल्या त्या खिडकीपाशी, तीन रेघांवर जाऊन थांबली.

मग सई म्हणाली, "पण टेबल तर..." आणि थांबली, कारण गार्गीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला होता. स्टॅटिस्टिक्समधल्या मुलीने असं करावं याचं मला अजून कौतुक आहे.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, वाकल्या, आणि जसा नळ मला दिला होता त्याच आवाजात म्हणाल्या, "तुम्ही तिघी. सुट्टी काढावी लागेल असं दिसतंय."

ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत त्यांनी "व्हय म्हाराजा" चा कंटाळा आणला. प्लंबर आला, व्हय म्हाराजा. इस्पितळातून फोन आला, उपाशीपोटी यायचं, दागिने घालायचे नाहीत, व्हय म्हाराजा. फोनवरच्या मुलीने माझ्याशी बोलताना विचारलं की पेशंटला दुभाषा लागेल का. मी म्हटलं, नाही, इंग्रजी त्यांची मातृभाषा आहे.

ठरल्या दिवशी आम्ही चौघी माझ्या गाडीतून निघालो. मोठं इस्पितळ दोन तासांवर होतं आणि रस्त्यात बर्फ होता. बाई पुढे बसल्या होत्या. डफ घेतला नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, त्याला विचारून झालंय, आता त्याचं काय काम? मुली मागे अभ्यास करत होत्या, म्हणजे झोपल्या होत्या. आत नेताना बाईंनी वेणी सोडली, ब्रेडच्या पिशवीची तार माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हरवू नकोस. त्या मापाची दुसरी नाही."

डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं की झडप नीट बसली. जाग येऊ दे. पण जाग लवकर येईना. ठोके चांगले, श्वास चांगला, पण बाई डोळे उघडत नव्हत्या. वय आहे, काहींना वेळ लागतो, असं म्हणाले. मुली बाहेरच्या खुर्च्यांवर अगदी ताठ बसल्या होत्या. एकीलाच आत सोडणार होते. दोघींनी माझ्याकडे बघितलं.

आत पडद्यांच्या खणात बाई पांघरुणाखाली फार लांब दिसत होत्या. केस मोकळे होते. नर्स त्यांच्या खांद्याला हात लावून विचारत होती, तुमचं नाव काय? आपण कुठे आहोत? वर्ष कोणतं? सगळ्यांना हेच विचारतात. पण ते ऐकताना मला वाटलं, हा काही परत बोलवायचा प्रश्न नाही. चुकीचं विचारताहेत.

मी गाणारी नाही. शाळेत मला समूहगीतातून काढलं होतं. मी खुर्ची ओढून त्यांच्या कानाशी बसले आणि लोकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू, पण गाऱ्हाण्याच्याच आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा, ही बाय लांब गेल्ली. तिचा काम झाला. घरातल्या दोन पोरी बाहेर बसल्या हत, बॉयलर आसा, दगडाक लोनी लावचा आसा. तिका आता घराक येवंदे रे म्हाराजा."

नर्सने मशीनवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मी तेच परत म्हटलं. तोच प्रश्न परत विचारायचा नसतो, पण हे विचारणं नव्हतं, सांगणं होतं.

बाईंचे ओठ कोरडे पडले होते. ते हलले. डोळे मिटलेलेच होते, आवाज घशात कुठेतरी खोल अडकलेला, पण शब्द दोन्ही पुरे आले.

"व्हय म्हाराजा."

नर्स वाकली. "काय म्हणाल्या? नाव सांगितलं का?"

"नाही," मी म्हटलं. "हजर आहे म्हणताहेत."